एफ गटातली मुलगी

तिखट कोरियन नूडल्सचा वास आला की आजही माझं टाळकं सटकतं. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी बारा वर्षांची लेक नूडल्सचा वाडगा घेऊन टीव्हीवर कोरियन स्पर्धा बघत बसली होती. शंभरेक पोरींतून नाचगाण्याचा एक ग्रुप निवडायचा, असा तो प्रकार. आदल्या दिवशी ट्यूशनमध्ये तिला गणिताच्या वरच्या बॅचमधून खालच्या बॅचला टाकलं होतं आणि तेव्हापासून मी तिच्याशी अबोला धरला होता. ऑफिसात मी गप्प बसलो तर कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून हे शस्त्र घरीच चालवायचो. तेवढ्यात परीक्षकाने एका रडवेल्या पोरीला सगळ्यात वरच्या ए गटातून थेट तळाच्या एफमध्ये ढकललं आणि एफचा राखाडी टी-शर्ट घालायला लावला. मी ताडकन उठलो. "अरे नालायका, लेकरू आहे ते! एका चुकीवरून लायकी काढतोस तिची?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ओरड अजून, कोरियात ऐकू जायला हवं. घरातल्या पोरीशी मात्र कालपासून एक शब्द नाही!" मी तिच्यावरही खेकसलो. लेकीने वाडगा खाली ठेवला. "बाबा, इट्स ओके ला," इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत ती हळूच म्हणाली, "मी पण शर्ट बदलून येऊ का?" तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पण परीक्षकावर तो काढताच येत नाही, कारण तो निदान त्या पोरीशी बोलत तरी होता.