पटावरचं चौथं नाव

रुपीबाईनं चटणीसाठी आणलेलं जवसाचं तेल दर शनिवारी काठ्यांना जायचं. गोल्फच्या सात जुन्या काठ्या होत्या, लाकडी दांड्यांच्या. सत्तेचाळीस साली यवतमाळ सोडताना एका साहेबानं त्या कॅनव्हासच्या पिशवीसकट तिच्या नवऱ्याला, हरिसिंगला दिल्या होत्या. हरिसिंग त्या अंगणात ओळीनं मांडी आणि चिंधीनं एकेकीला तेल चोळी.

“लाकूड तडकते,” एवढंच म्हणे.

“माह्या टाचा बी तडकल्या हायेत,” रुपीबाई म्हणे. तो हसे, पण तेल काठ्यांनाच.

हरिसिंग बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातला. पोरवयात यवतमाळच्या क्लबात साहेबांची पिशवी उचलायला लागला. साहेब गेले आणि तो मैदानाचा रखवालदार झाला. मैदान म्हणजे मुरमाड माळ आणि नऊ होल. हिरवळ तिथं कधी टिकलीच नाही, म्हणून प्रत्येक होलभोवती जळक्या ऑइलात कालवलेल्या वाळूचं काळं रिंगण होतं. त्याला ब्राउन म्हणत. चेंडू होलात पडला की खेळणाऱ्यानं फळी ओढून वाळू सारखी करायची, मागून येणाऱ्यासाठी. साहेब गेल्यावर मागून येणारं कुणी उरलं नाही. हरिसिंग मात्र रोज सकाळी नऊच्या नऊ ब्राउन सारखे करी. मैदानाच्या कडेला त्यांची खोली. पोरी लग्न होऊन गेलेल्या. तांड्यावर गेला तर लोक विचारत, “काय रे काठीवाल्या, कोणी आलं का खेळाले?” हळूहळू त्यानं जाणंच कमी केलं.

एकसष्टच्या दिवाळीनंतर क्लबच्या चिटणीसांनी त्याला बोलावून सांगितलं, “मैदानाची जागा सरकारी क्वार्टर्ससाठी मागताहेत. सलग चार रविवार पटावर चार खेळाडू दिसले, तर इथं खेळ चालतो असं समितीला सांगता येईल. नाहीतर जागा गेली.”

खेळणारं माणूस तेव्हा एकच होतं, म्हातारे बाबाराव, जंगलखात्यातून निवृत्त झालेले रेंजर. हरिसिंगनं धुतलेलं धोतर नेसून खेळाडू शोधत गाव पालथं घातलं. रुईचा दलाल देवीलाल आला, पोट कमी होईल म्हणून. पोस्टातला एक कारकून आला. आणि नगरपालिकेच्या शाळेतले उकंडा मास्तर आले. मास्तरांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. त्यांचे वडील याच मैदानाच्या कुंपणाबाहेर गवत कापत. आत यायची मुभा नव्हती.

पहिल्याच रविवारी हरिसिंग म्हणाला, “मास्तर, जरा बाजूले व्हा. दुसऱ्याच्या चेंडूवर आपली सावली पडू द्याची नाही.”

मास्तर थबकले. “सावलीचा नियम मले शिकवता का भाऊ? तो तर माह्या बापाले पाठ होता.”

हरिसिंगचं तोंड उतरलं. “तसं नाही, मास्तर. इथी कोणाचीच पडू द्याची नाही. साहेबाची बी नाही.”

“साहेबाची बी नाही?” मास्तर मोठ्यानं हसले. “मंग हा खेळ बरा हाय!”

खेळ झाला की चौघं क्लबच्या पायऱ्यांवर बसत. देवीलाल चिवडा आणी. “पोट काही कमी होत नाही हरिसिंग, भूक तेवढी वाढली,” म्हणे. रुपीबाई किटलीतून चहा आणी. हरिसिंग एकेक काठी हातात घेऊन तिचं जुनं नाव सांगे, मॅशी, निब्लिक. कुठल्या साहेबानं कुठल्या होलवर तिच्यानं काय करामत केली तेही. बोलताना तो दहा वर्षांनी लहान दिसे. मास्तर सरकून जागा करत, तरी तो बसे खाली, जमिनीवर, आणि चहाचा कप सगळ्यांच्या नंतर घेई. रुपीबाई ते बघे.

चौथ्या रविवारी कारकून आला नाही. त्याची वणीला बदली झाली होती, निरोपही शनिवारीच आला. हरिसिंग पिशवी खांद्याला लावून नुसता उभा राहिला.

“तुमी खेळा ना,” मास्तर म्हणाले. “चौथे तुमी.”

“मी? मी कसा?”

“हातानं,” देवीलाल म्हणाला.

पस्तीस वर्षांत त्या मैदानात त्यानं लोकांदेखत चेंडूला काठी लावली नव्हती. पहिला फटका त्यानं डोळे बारीक करून मारला. चेंडू सरळ गेला, बाभळींच्या वरून. बाबाराव “अरे!” म्हणाले. नऊ होल संपले तेव्हा तिघांपेक्षा हरिसिंगचे फटके कमी होते, म्हणजे जिंकला तोच. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली.

सगळे पायऱ्यांकडे गेल्यावर हरिसिंग नेहमीसारखा पट लिहायला बसला. पटावर दोन रकाने होते, एक खेळाडूंचा, एक पिशवीवाल्याचा. ज्येष्ठ खेळाडू म्हणून बाबारावांनी चष्म्याशिवायच खाली सही केली.

मंगळवारी मास्तर चिटणीसांकडे गेले, तेव्हा समितीची बैठक होऊन गेली होती. “चौथ्या रविवारी खेळाडू तीनच आहेत,” चिटणीसांनी पट पुढे केला. “हरिसिंगनं स्वतःचं नाव पिशवीवाल्याच्या रकान्यात लिहिलंय.”

मास्तर तडक खोलीवर आले. “काहून असं केलं, भाऊ? खेळले तं तुमीच.”

हरिसिंगनं मास्तरांसाठी बाज पुढे ओढली. “लिवाले बसलो, मास्तर. नावं लिवली तिघायची. मंग माहं लिवलं. ते तिथीच लिवत आलो ना मी.”

मास्तर बाजेवर टेकले. चहा घेतला आणि गेले. महिनाभरात मोजणीवाले आले. ब्राउनांवरून चुन्याच्या रेघा गेल्या.

त्या दुपारी रुपीबाईनं ताट वाढलं. हरिसिंग जेवायला बसला नाही.

“तू बी बस,” तो म्हणाला.

“कुठी?”

“इथी. माह्यासंग.”

तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. तिनं दुसरं ताट काढलं. त्यात ज्वारीची बाटी ठेवली, वर चटणी वाढली. पाट सरकवला. मग ती तशीच उभी राहिली, हातात पदर धरून.

“जेवा तुमी,” ती म्हणाली. “मी मागून जेवीन.”

हरिसिंगनं पुन्हा म्हटलं नाही. खाली मान घालून तो जेवला. उठताना आपल्या जागेवर सांडलेलं त्यानं वेचलं, तळहातानं जमीन सारखी केली आणि पाट तिच्यासाठी नीट मांडून ठेवला.