भंगाराचा फोटो

जाफरभाई दूध घेताना आधी दुधाचा वास घ्यायचे, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायचे. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या शेजारीच त्यांचा पंपाचे पंखे बनवायचा कारखाना. प्रत्येक पंखा हातोडीनं वाजवून आवाज ऐकायचे आणि जरा शंका आली की भिंतीकडेला फेकायचे. तिथं ढीगच साठला होता. माणूस सोन्यासारखा, पण संशय हाडीमासी खिळलेला. मला त्याचा भारी वैताग यायचा.

नव्याण्णव साली इस्लामपूरकडचं त्यांचं मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि दोन लेथ मशिनं बंद पडली. पुण्याची एक कंपनी पंखे बनवणारा शोधत होती, पण तिला आधी वेबसाइट बघायची होती. हे काम हुकलं असतं तर कामगार घरी बसले असते. म्हणून भाईंनी माझी वेबसाइट बनवणाऱ्या अनीशला बोलावलं.

"तुमची ओळख काय ठेवायची? बाकीच्यांपेक्षा तुमच्यात वेगळं काय?" अनीशनं विचारलं.

"ही चौकशी करायला तुला कुणी पाठवलंय?" जाफरभाई म्हणाले.

आठवड्यानं सायबर कॅफेत आम्ही तिघं ती वेबसाइट बघायला बसलो. फोटो वरून खाली सावकाश उघडत होता. आधी छप्पर, मग दिवे, मग चकचकीत फरशी आणि गोरे कामगार. माझ्या वेबसाइटवरही हाच कारखाना होता आणि मला तो लय आवडला होता.

"ह्यो कुणाचा कारखाना रं?" भाईंनी अनीशला विचारलं.

"नमुन्याचा आहे. छाप पडते."

"अन् गिऱ्हाईक आलं की ही गोरी माणसं कुठनं आणू? काढ त्यो. माझ्या ढिगाचा फोटो घाल. खाली लिही, ह्यो माल आमी तुमाला पाठवला न्हाई."

अनीशनं कपाळावर हात मारून घेतला. भंगार दाखवून कुणी धंदा करतं का, असं मीही समजावलं. ऐकतील तर शपथ! शेवटी वेबसाइटवर ढिगाचाच फोटो लागला.

महिन्याभरात पुण्याचे साहेब येणार असा फोन आला. पाहुणे येणार म्हटल्यावर भाईंच्या बायकोनं, मेहरुनबीभाभींनी, आदल्या दिवशी सगळी झाडलोट केली आणि तो ढीग कोंडीबा भंगारवाल्याला देऊन टाकला.

साहेबांनी चहालाही हात लावला नाही. "तो ढीग कुठंय?"

"काल भंगारात गेला."

"असं? फोटो तुमच्याच कारखान्यातला होता ना?"

मला वाटलं, गेलं काम! पण भाईंचा चेहरा उजळला. त्यांनी स्कूटर काढली, साहेबांना मागं बसवलं आणि थेट कोंडीबाच्या दुकानात नेलं. मीही मागोमाग गेलो. साहेबांनी एकेक पंखा उलटून त्यावरची भाईंच्या कारखान्याची खूण बघितली. हात काळे झाले तरी थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "आधी नमुने पाठवा. तपासतो, मग बघू."

ते गेल्यावर मी चिडलो. "एवढं करून मग बघू?"

"तसंच पायजे गड्या. आल्या आल्या हो म्हनला असता, तर मीच त्येला माल दिला नसता."

पुढं ऑर्डर आली. भाईंनी कंपनीला फोन करून ती खरी असल्याची खात्री केली, तेव्हा कुठं बंद मशिनं सुरू झाली. मी त्याच दिवशी अनीशला गाठलं आणि माझ्या वेबसाइटवरचे गोरे उतरवायला लावले.