नळी नालीतच सोडा

आमच्या घरी पाणी मऊ करायचं मशीन आलं, ते आबांना दात नाहीत म्हणून.

आबा म्हणजे माझे वडील. कवळी बसवली होती, पण हिरड्यांना टोचते म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली (आल्यागेल्याला काढून दाखवतात, तेवढाच तिचा उपयोग!). राहिला वरण-भात. आणि आमच्या कळमनुरीच्या घरचं बोअरचं पाणी असं जड, की शिट्ट्या मोजून शेजारी थकतात, पण कुकरातली तुरीची डाळ जशीच्या तशी! आबा ताटातले दाणे बोटानं बाजूला सारत. मग एक दिवस बोलले.

"मी साखऱ्याला जातो, दिगूकडं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ कशी लोण्यावानी शिजते."

दिगू माझा धाकटा भाऊ. साखऱ्याला शेती बघतो, स्वभावानं चांगला, त्याची बायको त्याहून चांगली. आबांचे तिथं काही हाल होणार नव्हते. पण आई गेल्यापासून सकाळी अंगणातून आबांचं खाकरणं ऐकू आलं नाही, तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. आता हे असलं बापाला तोंडावर सांगायची आमच्या घरात रीत नाही. म्हणून मी मशीन आणलं.

मशीन तसं साधं. एका उभ्या टाकीत बारीक पिवळे मणी असतात. पाणी त्यातून गेलं की पाण्यातला क्षार मणी धरून ठेवतात. काही दिवसांनी मण्यांचं पोट भरतं. मग मशीन शेजारच्या डब्यातलं मिठाचं पाणी ओढून घेतं, त्यानं मणी धुतं, आणि धरलेला सगळा क्षार मिठासकट एका नळीतून बाहेर टाकतं. फिटर जाताना बजावून गेला, "नळी नालीत सोडा. आन् मणी धुऊन होईस्तोवर घरचे नळ बंद राहतेत." मी "व्हय, व्हय" म्हणालो आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, ते नीट ऐकलं. आमच्या दोघांत हा फरक लग्नापासूनचा आहे.

मशीन बसलं तेव्हा आबा जवळा बाजार या गावी आत्याकडे गेले होते. मी आणि सुनंदानं आठवडाभर असं मऊ वरण खाल्लं, की विचारू नका! रविवारी दिगू आबांना घेऊन येणार, कपड्यांची पिशवी भरणार आणि लगेच साखऱ्याला नेणार, असं ठरलेलं. म्हटलं, फक्त एकदा जेवू द्या त्यांना.

रविवारी सकाळी वाटलं, आबांसाठी मणी ताजे असलेले बरे. दाबलं धुण्याचं बटन. नळीतून घळाघळा पाणी नालीत जायला लागलं. अरे देवा! ज्या घरात आंघोळीचं पाणी शेवग्याला आणि भांड्यांचं पाणी अळूला जातं, तिथं एवढं पाणी नालीत? ओंजळभर चाखून पाहिलं, तर रोजचंच पाणी. मी नळी उचलली आणि मागच्या अंगणातल्या निळ्या ड्रमात सोडली. नळ बंद असले की सुनंदा सैपाकाला त्याच ड्रमातलं पाणी घेते. मी स्वतःवर इतका खूश झालो, की स्टँडवर जाऊन पावशेर जिलेबी घेऊन आलो.

तोवर दिगू आणि आबा पोचले होते. दिगू ड्रमापाशी तोंड धूत होता.

"दादा, साबणाला फेस काहून येऊन न्हाई राहिला?"

"मऊ पाण्याला फेसाची गरजच पडत नाही," मी ठोकून दिलं.

मग चहा फाटला. "उद्या येऊ दे त्या दूधवाल्याला, बघतोच," मी म्हणालो (बिचारा दूधवाला!).

मग ताटं वाढली. आबांची पिशवी पाटाशेजारीच भरून ठेवलेली. आबांनी पहिला घास तोंडात घेतला. मग त्यांनी तोंडातून एक दाणा काढला आणि ताटात टाकला. टण्ण!

सुनंदानं पळी चाटून पाहिली आणि मोरीकडे पळाली.

"खारट ढोण! आन् कडू! मीठ तर मी चिमूटभरच घातलं!" मग ती हळूच माझ्याकडे वळली. "अहो, नळी कुठं सोडली?"

"ड्रमात."

"काहून?"

"पाणी वाया जाऊन राहिलं होतं..."

दिगू हसून हसून भिंतीला टेकला. मी चाखलं होतं ते नुसतं सुरुवातीचं खळबळून काढलेलं पाणी, खरा माल मागून आला होता. आठवडाभर मशीननं पाण्यातून जेवढा म्हणून जडपणा काढला, तेवढा मी नीट गोळा करून बापाच्या वरणात घातला होता!

आबा काही हसले नाहीत. उठून मागं गेले, ड्रमात बोट बुडवून चाखलं, थुंकले.

"आधी चाखून पाहिलं असशील?"

"व्हय."

"म्या बी तेच केलं असतं." ते ड्रमाला हात टेकून उभे राहिले. "लहानपणी तुझ्या हातून घागर सांडली, तवा म्या तुला बदडलं होतं. पाणी सांडायचं न्हाई, हे म्याच तुझ्या डोक्यात घातलं. आता ते कोन्त्या मिठानं धुऊन निघायचं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आबा, जाऊ नका ना. मला करमत नाही तुमच्याशिवाय."

आबांनी ओलं बोट धोतराला पुसलं. मग ओरडले, "दिगू, पिशवी आत ठेव रे!"

संध्याकाळी वरण मऊ झालं. आबांनी दोनदा मागून घेतलं.

आता मणी धुवायच्या दिवशी आबा नालीपाशी खुर्ची टाकून बसतात. येणारेजाणारे विचारतात, "काय आबा, मशीनची राखण?"

"मशीनला काय धाड भरली?" आबा म्हणतात. "पोरगं घरात हाय ना!"

पोरगं म्हणजे मी. पुढच्या वर्षी रिटायर होतोय.