तिकडचं एक वर्ष

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आकाशातल्या जहाजाची मालिका मला कळणार नाही असं सुनेला वाटायचं. कळत होती. जहाजात सात माणसं, घरापासून लांब, परतीची वाट हरवलेली आणि एकमेकांवर चिडलेली. यात न कळण्यासारखं काय आहे? पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. दहा घरांत असंच चालतं.

दुपारी तीनला, भांडी आटोपली की धाकटी जाऊ टीव्ही बघायला यायची. नवरा वारलेला, मुलगी सासरी. एकुलता मुलगा महाडला कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. एका सकाळी डबा घेऊन निघाला आणि कामावर पोहोचलाच नाही. एका रिक्षावाल्याने त्याला वीर स्टेशनला सोडलं, एवढं कळलं. गाडी मुंबईची धरली की रत्नागिरीकडची, ते आजपर्यंत कळलेलं नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. पोलिसांत फोटो दिला, तो तिथेच आहे.

जहाजावरही एक मेकॅनिक होता. तो बाहेरची नळी जोडायला दोरीला बांधून उतरतो, दोरी तुटते, त्याच्या टोपीवरचा दिवा बारीक होत लांब जातो. त्याच्यापुढे भागच नाही. मालिका तिथेच बंद पडली.

सुनेने मोबाइलवर बघितलं, तर जगभरची माणसं त्या मेकॅनिकचं काय झालं यावर भांडत होती. जाऊ रोज विचारायची, "आज काय लिवलंय गो, सूनबाय?" सून वाचून दाखवायची. एकाचं म्हणणं, तो मेला. दुसऱ्याचं म्हणणं, चौथ्या भागात लांब एक हिरवा दिवा दिसला होता, त्याचं पुढे काहीच झालं नाही, म्हणजे ते दुसरं जहाज होतं आणि त्याने याला उचललं. जाऊला तो हिरवा दिवा आठवत होता. कोणतं पात्र खिडकीपाशी उभं होतं ते पण आठवत होतं.

मी म्हटलं, "लिवनाऱ्याला पुढचं सुचलं नाय, म्हणून बंद केली. तुमी कशाला डोकी फोडता?"

"तुला दिवा पण दिसला नव्हता, बाय. तू गप बस," जाऊ म्हणाली.

मग एका बाईचं लिहिणं आलं. तिचा हिशेब असा, की तिकडे काळ हळू चालतो. तिकडचं एक वर्ष म्हणजे इथली बारा. आपण इथे म्हातारे झालो तरी त्याच्या लेखी दोरी आत्ताच तुटली आहे. जाऊने ते तीनदा वाचायला लावलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी शेंगा सोलत होते.

आमच्यात परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. तोपर्यंत तो माणूस पितरांतही नसतो आणि घरातही नसतो. पुतण्या गेल्याचं बारावं वर्ष सरलं तसे चुलत दीर ओसरीवर येऊन बसले. माझे मालक गेल्यावर भावकीत तेच थोरले.

"वयनी, तुमीच समजवा हिला. पितृपक्षाच्या आत कार्य झालेलं बरं."

जाऊ दाराशी उभी होती. म्हणाली, "बारा वर्सं झाली नायत."

"अगो, बोटांवर मोज."

"हितं झाली. त्याच्याकडं एकच वरीस झालं असंल. मोबाइलवर लिवलंय."

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी मालिकेचं सांगितलं. ते हसले. "वीरवरनं आभाळात गाडी कवा चालू झाली? आमाला सांगितलं नाय कुणी!"

मी पण हसले. खोटं कशाला सांगू, हसू आलं.

जाऊ हसली नाही. तिने विचारलं, "आनि तो आला तर?"

आता दीर सरळ बसले. "आला तर तसा घरात घेता येत नाय. तो मेलेला. त्याला न्हाऊ घालून पुन्यांदा जन्माला घालायचा. बारसं करायचं."

"पाळण्यात?"

"तसं नाय गो. नावापुरतं."

"नाव तेच ठेवाल ना?"

दिरांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी जाऊने स्वतःच निरोप धाडला, करा म्हणून. तिला पटलं म्हणून नाही. रोज कोण ना कोण दारात येऊन बारा मोजून दाखवणार होतं.

सावित्रीच्या काठावर कार्य झालं. पानं ओली होती, धुरावली. तिने पुतळ्याला त्याचा कामावरचा सदरा घातला. तो मोठा झाला, बाह्या लोंबत होत्या. कोणी काढायला सांगितलं नाही.

पुढे सुनेने वाचलं, की ती मालिका आता पुन्हा कधीच होणार नाही, नटही पांगले. मोबाइलवरची माणसं मात्र अजून भांडतातच. त्यांचं काही जात नाही.

चॅनेलवर ती पहिल्यापासून पुन्हा लागली. जाऊ येते, बसते. मेकॅनिक पहिल्या भागात शिट्टी वाजवत पाना शोधत असतो. चौथ्या भागात मी डोळे ताणून बघितलं. हिरवा दिवा होता. मी तिला सांगितलं, "दिसला गो मला." ती म्हणाली, "असंल."

आज दोरीचा भाग आला. मी रिमोट हातात धरून होते, पण तिने बंद करायला सांगितलं नाही. दोरी तुटली. दिवा बारीक होत गेला आणि दिसेनासा झाला. मग ती उठली, लुगडं झटकलं.

"हितं बसून काय करायचं? गुरांना पानी दाखवायचं हाय," म्हणाली, आणि गेली. उद्यापासून ती मालिका पुन्हा पहिल्यापासून लागणार आहे.