तीन पायऱ्यांचं व्यासपीठ

लिंबायतला आमची मराठी मंडळी बरीच वर्षं एका बंद पडलेल्या लूमच्या खोलीत उपासना करायची. मधोमध टेबल, त्यावर पवित्र शास्त्र आणि प्रभुभोजनाचं ताट, भोवती सतरंजीवर आम्ही. ती गैरसोय नव्हती, शिकवण होती. जुने पाळक म्हणायचे, "कापडबाजारात दलाल लागतो, देवाकडे जायला लागत नाही." म्हणून वेदी नाही, कठडा नाही. ज्याला प्रार्थना सुचेल त्याने बसल्या जागेवरून करायची. माझी आई दिवसभर साड्यांना टिकल्या लावायची, पण रविवारी सगळ्यांच्या आधी तोंड उघडायची आणि लवकर मिटायची नाही. आम्ही भावंडं कंटाळून एकमेकांना चिमटे काढायचो. तिचं कुणी ऐकून घ्यावं, अशी तेवढी एकच जागा होती.

नवं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा माझ्याकडे आला. मी इच्छापोरला कारखान्यांच्या शेडचे नकाशे काढतो. नव्या पाळकांना तीन पायऱ्यांचं व्यासपीठ हवं होतं, समोर ओळीने खुर्च्या. "मोठ्या चर्चमध्ये असंच असतं," ते म्हणाले. जुनी शिकवण मला पाठ होती. पण त्यांनी भर सभेत मला 'इंजिनियरसाहेब' म्हटलं आणि मी हुरळून निमूट रेघा ओढल्या.

पहिल्याच रविवारी संदेश संपल्यावर आई मागच्या ओळीत उभी राहिली आणि नेहमीसारखी प्रार्थना करू लागली. व्यासपीठावरून कीबोर्ड सुरू झाला. एक स्वयंसेवक तिच्याजवळ जाऊन इथल्या गुजराती-मराठीत म्हणाला, "मासी, बेसी जाओ. प्रार्थना स्टेजवरूनच होते." ती अर्ध्या वाक्यात बसली. मी पहिल्या ओळीत मानाच्या खुर्चीवर होतो. सगळं ऐकलं आणि उठलो नाही. त्याची लाज अजून वाटते.

परतताना रिक्षात तिने आपल्या अहिराणीत विचारलं, "नकशा तूच काढा ना? मंग त्यामा मन्ही बोलानी जागा कोठे शे?"

"पाळकांशी बोलतो," मी म्हणालो. बोललो नाही.

पाळक अजूनही त्या व्यासपीठावरून सांगतात, की प्रत्येक विश्वासणारा स्वतःच याजक आहे, देवाशी बोलायला मधे दुसरा पुरोहित लागत नाही. आम्ही खालून आमेन म्हणतो. घरी जेवणाआधी आई मोठ्याने प्रार्थना करायची, तीही आता करत नाही. ताटं वाढून झाली की हात जोडते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "तूच कर."