मंगळवारचं पाऊल

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं न्हाई. मुलापुढं न्हाई, मुलीपुढं न्हाई. देवापुढं हात जोडतानासुद्धा ह्या एका गोष्टीवरून मी अलगद पुढं सरकते. तुम्हालाच का सांगते, ते विचारू नका. अनोळखी माणसापुढं जीभ जरा सैल सुटते, एवढंच असेल.

आधी हे सांगते की आमचं घर सुखाचं आहे. मस्तगडला राहतो आम्ही. मुलगा संतोष सळयांच्या कारखान्यात आहे, सून वैशाली, नातू आरव, आणि मी. संतोषला रविवारची सुट्टी मिळाली की आम्ही डबे बांधून, सतरंजी घेऊन कुठंतरी निघतोच. पहिला दात, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस — सगळ्याचे फोटो भिंतीवर आहेत. गल्लीतल्या बाया म्हणतात, सासू-सुनेचं असं जमलेलं बघितलं न्हाई. आणि खरंच जमतं आमचं. तेच तर —

थांबा, नीट सांगते.

आरव लहान असताना वैशाली नोकरीला होती. बदनापूरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळच्या रेल्वेनं जायची, संध्याकाळी यायची. आज ना उद्या कायम होईन म्हणून वाट बघत होती. दिवसभर आरव माझ्याजवळ. त्याचं खाणं, झोप, दुपारचं रडणं, सगळं माझ्याकडं. हे गेल्यापासून घर मला खायला उठायचं, त्या लेकरानं ते परत भरलं... हे सांगून मी माझी बाजू मांडून राह्यले का? तसं वाटलं तर सोडून द्या.

संध्याकाळी जिन्यात तिच्या चपला वाजल्या की तो माझ्या मांडीवरून सुटायचा. मागं वळूनसुद्धा बघायचा न्हाई. लेकरूच ते — आईकडं जाणार न्हाई तर कुठं जाईल? हे मला कळत न्हवतं का? चांगलं कळत होतं.

त्या रविवारी आम्ही मोती बागेत गेलो होतो. आरव बाकड्याला धरून उभा होता. मी समोर बसून त्याला बिस्किट दाखवत होते, "ये, ये" म्हणत होते. वैशाली नळावरून बाटली भरून येत होती. तिला बघितलं आणि त्यानं बाकडं सोडलं. डुलत, हसत, दोन्ही हात वर करून माझ्या बाजूनं पुढं गेला आणि तिच्या पायांवर जाऊन आदळला. बाटली खाली पडली. वैशाली हसत होती आणि रडतही होती.

"अहो, चालला! पहिल्यांदा चालला! माझ्याकडं आला!"

शेजारच्या सतरंजीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातलं बिस्किट तसंच. आणि मी म्हणाले —

"पहिल्यांदा कुठं? मंगळवारीच चालला की. माझ्याकडं आल्ता. तू न्हवतीस."

खोटं. बिलकुल खोटं. मंगळवारी तो चालला न्हवता. त्याआधी कुठल्याच दिवशी चालला न्हवता.

तुम्ही म्हणाल, तोंडातून निसटलं असेल. निसटलं असतं तर मी तिथंच हसून मोडलं असतं. वैशालीनं विचारलं, "मंग मला सांगितलं का न्हाई, आई?" तर माझं दुसरं उत्तर तयार होतं.

"तुला वाईट वाटंल म्हणून."

बघा, एका खोट्यावर मी मायेचं पांघरूण पण घातलं.

घरी आल्यावर, भाजी निवडताना तिनं बारीकसारीक विचारून घेतलं. कुठून कुठं चालला? पडला का? हसत होता का? कपाटापासून पलंगापर्यंत, म्हणाले मी. हात वर करून, डुलत डुलत. हसत होता. म्हणजे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी जे बागेत बघितलं होतं, तेच मी तिला माझं म्हणून ऐकवलं. आणि ती ऐकत राहिली, जणू आपल्या हातून सुटलेलं काही तरी गोळा करत होती.

त्यानंतर मधल्या सुट्टीत तिचा फोन यायला लागला. आज काय नवीन केलं त्यानं? काही बोलला का? उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मी नोकरी सोडायचं म्हणते. माझ्या मागं त्याचं सगळंच होऊन जाईल." आणि माझ्याकडं बघत राहिली. नको सोडू, असं कुणीतरी म्हणावं म्हणून बघत होती — ते मला तेव्हाच कळलं. एक वाक्य पुरलं असतं.

"तुझं तू बघ, बाई," म्हणाले मी.

तिनं सोडली. पुढं तिच्याबरोबरची एक बाई कायम झाली, पेढे घेऊन घरी आली. वैशालीनं चहा केला, शाळेतल्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली. ती गेल्यावर दोनच कप होते धुवायला, पण नळ किती वेळ चालू होता.

आणि मला काय मिळालं? आई दिवसभर घरात असल्यावर आरव माझ्याकडं कशाला येतो? पण वैशालीनं मात्र त्या मंगळवारच्या पावलाची गोष्ट करून टाकली. आरवच्या दर वाढदिवसाला ती पाहुण्यांना कौतुकानं सांगते, आमच्या आरवचं पहिलं पाऊल आजीकडं! मंग आरव येऊन माझ्या गळ्यात पडतो, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवते.

यंदा माझ्या मुलीच्या, सुनीताच्या बाळाचं जावळ काढलं. ती अंबडला असते, एका पतसंस्थेत कामाला आहे. जावळानंतर आम्ही सगळे जांब समर्थला दर्शनाला गेलो, तिथंच झाडाखाली जेवायला बसलो. बाळ सतरंजीवर रांगत होतं, टक्कल चमकत होतं, सगळे हसत होते. सुनीताच तेवढी हसत न्हवती.

"वहिनी, नोकरी सोडून द्यावी का, असा विचार करून राह्यले," ती म्हणाली. "मी तिकडं कामावर असंन, आन् हा घरी चालायला लागंल."

"सोडा, ताई," वैशाली म्हणाली. "नोकरी काय, दुसरी बघता येती. हे परत बघायला मिळत न्हाई. मला विचारा."

माझा घास हातातच राहिला. आणि मी जवळजवळ ओरडले — "सोडू नको, सुनीता! बिलकुल सोडू नको. तू बघशील तेच त्याचं पहिलं पाऊल समज!"

वैशाली भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला.

"मला न्हवतं असं म्हणलं तुम्ही, आई," ती म्हणाली. हळू. रागानं न्हाई.

सगळे बसलेले होते — संतोष, जावई, आरव. आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"पाणी दे जरा," म्हणाले.

तिनं दिलं.

सुनीता अजून कामावर जाते. वैशाली माझं सगळं पूर्वीसारखंच करते, फक्त बोलते कमी. पोटच्या पोरीला मी एक सल्ला दिला आणि सुनेला दुसरा, असं तिच्या मनात बसलंय. तिला एवढंच कळलंय. बाकीचं मी अजून सांगितलेलं न्हाई.