गिअर टाकला की बंद!

गॅरेजात पंधरा वर्षं काढली की किस्से आठवावे लागत नाहीत. कुणी चहा सांगितला की आपोआप सुरू होतात! मी तलासरीला बाबूभाईंच्या गॅरेजात मेकॅनिक. हे किस्से २०१६ सालचे, एकाच जुन्या ट्रकचे.

*

उधव्याचे जानूदादा ट्रॅक्टरला बांधून ट्रक घेऊन आले. "स्टार्ट होते, उभी असेपर्यंत मस्त चालते. गिअर टाकला की बंद!"

बाबूभाईंनी पुरतं ऐकायच्या आत सांगून टाकलं, "डिझेलमध्ये पाणी." फिल्टर साफ केला, लाइन साफ केली. स्टार्टर मारला. इंजिन खणखणीत! पहिला गिअर टाकला. धप्प!

जानूदादा शांतपणे म्हणाले, "भाई, मी गिअर बोललो होतो."

*

दुसऱ्या दिवशी ठरलं, क्लचच्या पाइपात हवा आहे. मी गाडीखाली, जानूदादांची बायको लखमीवहिनी पेडलवर. मी खालून ओरडायचो, "दाबा!" तेवढ्यात बाबूभाई बाहेरून, "सोडा!"

वहिनींनी खिडकीतून डोकं काढलं. "आधी तुम्ही दोघं एकमेकांत ठरवा!"

हवा निघाली. गाडी तरीही बंद.

*

रविवारी जानूदादांच्या मुलीचं, सविताचं लग्न, सासर कैनाडचं. मी म्हटलं, "दादा, एक दिवस दुसरा टेम्पो सांगा."

"नाही! पोरगी ह्याच गाडीतून जाईल. नाहीतर लग्न पुढे ढकलू!"

वहिनी फणकारल्या, "गाडी ढकलून दमलो, आता लग्न ढकलायचं?"

हसलो सगळे. पण त्यानंतर मीही हट्टाला पेटलो.

*

शेवटी मी विचारलं, "पावसाळ्यात गाडी कुठे होती?"

"अंगणात. चार महिने हलवलीच नाही."

बाबूभाईंनी कपाळावर हात मारला. क्लच प्लेट गंजून चिकटली होती! पेडल दाबलं तरी सुटत नव्हती, म्हणून गिअर पडला की इंजिन गुदमरायचं. खोलायची तर पार्ट सोमवारी येणार.

मग धक्क्यांनी प्लेट सुटावी म्हणून कापलेल्या भातशेतात नेऊन गाडी गिअरमध्येच स्टार्ट केली. उडी मारून पळत सुटली! मी क्लच दाबून धरलेला, ब्रेक मारतोय, सोडतोय. मागून बाबूभाई धावताहेत, "क्लच सोडू नको!" चौथ्या फेरीला खाडकन आवाज झाला, प्लेट सुटली. गाडी थांबली. गिअर पडलेला, इंजिन चालू!

जानूदादा नुसते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

*

रविवारी लग्न लागलं, पाठवणीला फुलांच्या माळा लावून ट्रक दारात उभा. जानूदादा स्टिअरिंगवर, शेजारी सविता, पलीकडे नवरा. दादांनी स्टार्टर मारला, लेकीकडे बघितलं, गिअर टाकला. धप्प! बंद.

सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं! मी पाना घेऊन धावलो. बघतो तर दादांचे डोळे वाहताहेत, आणि पाय क्लचवर नाहीच.

"बाबा, सरका," सविता म्हणाली. शालू खोचला, बापाला ओलांडून स्टिअरिंगवर बसली. क्लच, गिअर, आणि ट्रक हलकेच रस्त्याला लागला. नवऱ्याने दोन्ही हातांनी दार घट्ट धरलेलं!

मी वहिनींना विचारलं, "हिला दादांनी कधी शिकवलं?"

"ते कशाला?" वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी शिकवलं."